सौर विद्युत् पुरवठा, घरगुती : भारविभागणी

छतावरील सौर पॅनेले, त्यांना जोडलेला इन्व्हर्टर (एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती म्हणजे ठराविक कालावधीने उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या प्रवाहात रूपांतर करणारे साधन), सार्वजनिक वितरण जाळे आणि असल्यास विद्युत् घटमाला (बॅटरी) हे उद्‌गम घरातील दिवे, पंखे, पंप इत्यादींना लागणारी शक्ती एकाच वेळी मिळून पुरवितात. प्रत्येक उद्‌गमाने या एकूण भारापैकी किती वाटा उचलावयाचा हे ज्या क्रियेने ठरते, तिला भारविभागणी म्हणतात. ही विभागणी कोणी हाताने करीत नाही. ती उद्‌गमांच्या विद्युतीय गुणधर्मांवरून क्षणोक्षणी आपोआप होते. तिचे स्वरूप लक्षात न घेता संच बसविल्यास वीज गेल्यावर कडक उन्हातही घर बंद राहणे, घटमाला अकाली निकामी होणे, बिलात अपेक्षित बचत न होणे आणि प्रसंगी वीज कर्मचाऱ्यांच्या जीवितास धोका निर्माण होणे हे परिणाम संभवतात.

ऐतिहासिक आढावा : प्रकाश पडल्याने विद्युत् दाब निर्माण होण्याचा आविष्कार फ्रेंच भौतिकीविज्ञ एदमाँ बेक्रेल यांनी १८३९ मध्ये पाहिला. व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनाचा सौर घट मात्र १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिन, कॅल्व्हिन फुलर व जेरल्ड पिअर्सन यांनी तयार केला. त्याची कार्यक्षमता सु. ६ टक्के होती. आजच्या बाजारातील चांगल्या पॅनेलांची ती २० टक्क्यांहून अधिक असते. इन्व्हर्टरांची प्रगती शक्ती नियंत्रित करणाऱ्या अर्धसंवाहक प्रयुक्तींवर अवलंबून होती. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस थायरिस्टर उपलब्ध झाला. पुढे १९८० च्या सुमारास बी. जयंत बालिगा या मूळच्या भारतीय अभियंत्यांनी अमेरिकेत विकसित केलेल्या निरोधित-द्वार ट्रँझिस्टरामुळे प्रवाहाची सेकंदास हजारो वेळा उघडझाप करणे सुलभ झाले.

महाराष्ट्रात ‘इन्व्हर्टर’ हा शब्द घराघरांत रूढ झाला तो मुख्यतः भारनियमनामुळे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राज्यातील विजेची तूट वाढली तेव्हा शिसे-अम्ल घटमाला व तिला जोडलेला लहान इन्व्हर्टर ही जोडी निमशहरी व ग्रामीण भागांतील घरांतून आणि दुकानांतून सर्रास दिसू लागली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने छतावरील सौर संचांच्या नक्त मापनासाठी २०१५ मध्ये विनियम केले व २०१९ मध्ये त्यांच्या जागी नवे विनियम आणले. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घोषित केलेल्या ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने’त एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. निवासी संचास पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट वा त्याहून मोठ्या संचास एकूण ७८,००० रुपये साहाय्य तीत ठरविण्यात आले. यामुळे पूर्वीचा भारनियमनासाठीचा इन्व्हर्टर आणि नवा सौर इन्व्हर्टर अशी दोन भिन्न साधने अनेक घरांत शेजारीशेजारी आली. नाव एकच असले, तरी त्यांचे वर्तन वेगळे असते.

पॅनेल व इन्व्हर्टर : सौर पॅनेलमध्ये सिलिकॉनाचे अनेक घट एकसरीत जोडलेले असतात. पॅनेलचा प्रवाह प्रामुख्याने प्रकाशाच्या तीव्रतेवर आणि दाब मुख्यतः घटांच्या तापमानावर अवलंबून असतो. विशिष्ट प्रकाशात व तापमानात दाब आणि प्रवाह यांच्या एका विशिष्ट जोडीलाच जास्तीत जास्त शक्ती मिळते. इन्व्हर्टरातील नियंत्रक ही जोडी सतत शोधत राहतो. मिळालेल्या एकदिश प्रवाहाची उघडझाप करून व त्यास गाळून इन्व्हर्टर ५० हर्ट्‌झ कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येचा) प्रत्यावर्ती प्रवाह बाहेर देतो.

पॅनेलवर छापलेली शक्ती ही दर चौ. मी.ला १,००० वॉट प्रकाश आणि घटांचे तापमान २५° से. असताना मोजलेली असते. तापमान वाढले की शक्ती घटते; सिलिकॉन पॅनेलांत ही घट साधारणपणे दर अंशास ०.३ ते ०.४ टक्का असते. पॅनेले एकसरीत असल्याने कडुलिंबाच्या फांदीची वा पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली, तरी सबंध मालिकेचा प्रवाह खुंटू शकतो. हे टाळण्यासाठी पॅनेलमध्ये बगलमार्गी डायोड बसविलेले असतात. ते हानी मर्यादित ठेवतात, पण पूर्णपणे टाळीत नाहीत.

भारविभागणीचे तत्त्व : जाळ्याशी संलग्न असलेला इन्व्हर्टर स्वतः दाब ठरवीत नाही. जाळ्याचा दाब (नामी मूल्य २३० व्होल्ट) व त्याची कला (आवर्तनातील क्षणिक स्थिती) तो सतत मोजतो आणि तिच्याशी ताल जुळवून उपलब्ध शक्तीइतका प्रवाह घराच्या मुख्य वाहक तारांत सोडतो. दाब टिकवून धरण्याचे काम जाळे करते. हे समजण्यासाठी दोन वाटांनी पाणी येणाऱ्या हौदाचे उदाहरण घेता येईल. एक वाट मोठ्या धरणाशी जोडलेली असून हौदातील पातळी तीच कायम राखते. दुसरा एक लहान पाट उपलब्ध होईल तेवढे पाणी हौदात आणून टाकतो. हौदाच्या तोट्या सुरू असतील तर धरणाकडून तेवढे कमी पाणी येते; तोट्या बंद असतील तर पाटाचे पाणी धरणाकडे वळते. तोटीतून येणारे पाणी पाटाचे की धरणाचे, हा प्रश्न तेथे निरर्थक असतो.

यावरून साधा नियम मिळतो : जाळ्याकडून येणारी शक्ती = घराचा भार − सौर शक्ती. उत्तर ऋण आल्यास तेवढी शक्ती जाळ्यात जाते. ‘पंखे सौर विजेवर आणि शीतकपाट महावितरणाच्या विजेवर’ अशी उपकरणवार वाटणी या पद्धतीत होत नाही. तसेच घरातील वीज आधी वापरली जावी यासाठी वेगळी कळही लागत नाही. जवळच्या भाराला जवळच्या उद्‌गमाकडून शक्ती मिळणे हे मंडलाच्या नियमांतच आहे.

जाळे बंद पडल्यावर : वरील तत्त्वाचा एक परिणाम अनेकांना अनपेक्षित वाटतो. जाळ्याचा पुरवठा खंडित झाला की संलग्न इन्व्हर्टर भर दुपारीही बंद होतो. ताल जुळविण्यास संदर्भ उरत नाही, हे याचे एक कारण. दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण सुरक्षिततेचे आहे. वाहिनी दुरुस्तीसाठी बंद केलेली असताना एखाद्या घरातून वीज उलट तारांत गेल्यास वितरण रोहित्र तिचा दाब कमी करण्याऐवजी वाढवील आणि खांबावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती मृत समजलेली तार जिवंत असेल. जाळ्यापासून तुटलेला भाग स्थानिक उद्‌गमावर असा चालू राहण्यास द्वीपन म्हणतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या विनियमांत दाब नामी मूल्याच्या ८० ते ११० टक्के या मर्यादेबाहेर गेल्यास संचाने २ सेकंदांत जाळ्यापासून अलग व्हावे अशी तरतूद करण्यात आली. द्वीपन रोखण्याच्या चाचणीसाठी आयएस १६१६९ हे भारतीय मानक आहे.

याच कारणास्तव जनित्र वा जुना इन्व्हर्टर घरातील मंडलाला परस्पर जोडणे धोक्याचे आहे. दोन उद्‌गमांपैकी एकच जोडला जाईल असा पालटस्विच अशा ठिकाणी आवश्यक असतो. संलग्न सौर इन्व्हर्टर हा भारनियमनासाठीच्या इन्व्हर्टराच्या आधी, म्हणजे जाळ्याच्या बाजूस जोडावा लागतो. तो नंतरच्या बाजूस जोडल्यास वीज गेल्यावर लहान इन्व्हर्टराने निर्माण केलेल्या दाबाला जाळे समजून सौर इन्व्हर्टर त्यात शक्ती ढकलू लागेल. ती सामावून घेण्याची सोय नसल्याने लहान इन्व्हर्टर व घटमाला यांना इजा होऊ शकते.

घटमालायुक्त पद्धती : (१) स्वतंत्र पद्धतीत जाळ्याशी संबंध नसतो. येथे इन्व्हर्टर स्वतःच दाब व कंप्रता ठरवितो आणि भार जसा असेल तसा प्रवाह देतो. पॅनेले भारापेक्षा अधिक शक्ती देत असतील, तर उरलेली घटमालेत साठते. कमी देत असतील, तर उणीव घटमाला भरून काढते. घटमाला पूर्ण भरल्यावर नियंत्रक पॅनेलांकडून येणारी शक्तीच कमी करतो व तेवढे ऊन वाया जाते. भार इन्व्हर्टराच्या क्षमतेपलीकडे गेल्यास, मदतीला जाळे नसल्याने, सर्व पुरवठा बंद पडतो.

(२) संकरित पद्धतीत पॅनेले, घटमाला व जाळे हे तिन्ही एका इन्व्हर्टराशी जोडलेले असतात. उद्‌गमांचा अग्रक्रम येथे निवडता येतो. ‘सौर-घटमाला-जाळे’ या क्रमात बिल कमी होते, पण घटमाला रोज रिकामी-भरती होऊन झिजते. ‘सौर-जाळे-घटमाला’ या क्रमात घटमाला वीज जाण्याच्या प्रसंगासाठी राखली जाते. जाळे खंडित झाल्यास असा इन्व्हर्टर प्रथम जाळ्यापासून अलग होतो व नंतर केवळ आवश्यक भाराचे मंडल चालू ठेवतो. त्यासाठी दिवे, पंखे व शीतकपाट यांचे तारकाम पंप व तापक यांच्या तारकामापासून वेगळे केलेले असावे लागते.

घटमालेची धारणशक्ती मर्यादित असते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास या शिसे-अम्ल घटमालेत नाममात्र १.८ युनिट (किलोवॉट-तास) ऊर्जा असते. तिचे आयुष्य टिकविण्यासाठी सु. निम्मीच वापरावी असे मानल्यास ०.९ युनिट उरते व रूपांतरातील हानी वजा जाता सु. ०.७५ युनिट मिळते. प्रत्येकी ७५ वॉटचे तीन पंखे आणि १० वॉटचे चार दिवे मिळून होणारा २६५ वॉट भार त्यावर जेमतेम तीन तास चालेल. लिथियम-लोह-फॉस्फेट घटमालेतून अधिक खोलवर ऊर्जा काढता येते. तिची किंमत मात्र जास्त असते.

स्थानिक परिस्थिती : संचाचे उत्पादन व घरातील भार ही दोन्ही स्थळावर अवलंबून असतात. उदा., यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण पांढरकवडा हे सु. २०° उत्तर अक्षवृत्तावर, नागपूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावर वसले आहे. वर्षभरातील जास्तीत जास्त उत्पादनासाठी तेथे पॅनेले दक्षिणाभिमुख व क्षितिजाशी सु. २०° कलती ठेवणे योग्य ठरते. डिसेंबरच्या अखेरीस माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सु. ४६° उंचीवर असतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तो डोक्यावर येतो आणि तेव्हापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्ही किंचित उत्तरेकडे असतो. हे गाव ८२° ३०′ पूर्व या प्रमाण रेखावृत्ताच्या सु. ४° पश्चिमेस असल्याने तेथील सौर माध्यान्ह घड्याळातील बारा वाजल्यानंतर सरासरीने सु. १६ मिनिटांनी होते.

विदर्भातील उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५° से.च्या आसपास जाते. अशा वेळी छतावरील घट ७०° से.पर्यंत तापू शकतात. प्रमाण तापमानापेक्षा ही वाढ ४५° असल्याने शक्तीत सु. १३.५ ते १८ टक्के घट येते. म्हणजे सर्वांत कडक ऊन हे सर्वांत अधिक उत्पादनाचे असतेच असे नाही. स्वच्छ आकाशाचा थंड दिवस दर तासाला अधिक वीज देऊ शकतो. पॅनेले व छत यांमध्ये हवा खेळण्यास अंतर ठेवल्यास तापमान कमी राहते. कापसाच्या हंगामात उडणारे तंतू आणि उन्हाळ्यातील धूळ यांचा थर प्रकाश अडवितो. त्यामुळे पॅनेले सकाळी ती थंड असताना पाण्याने धुणे इष्ट असते. पावसाळ्यात ढगांमुळे उत्पादन बरेच उतरते. वर्षाची सरासरी धरता राज्याच्या बहुतेक भागांत १ किवॉ.च्या संचापासून दिवसाला सु. ४ युनिट मिळतात, असे नियोजनात गृहीत धरले जाते.

दिवसभरातील विभागणी : अशा ठिकाणच्या एका घरावर ३ किवॉ.ची पॅनेले असून मे महिन्यात दुपारी १ वाजता त्यांपासून २,२०० वॉट मिळतात, असे मानू. कूलर (२०० वॉट), तीन पंखे (२२५ वॉट) व शीतकपाट (१५० वॉट) यांचा भार ५७५ वॉट होतो. उरलेले १,६२५ वॉट जाळ्यात जातात. आता १ अश्वशक्तीचा पंप सुरू केल्यास तो चालत असताना सु. १,१०० वॉट घेईल व जाळ्यात जाणारी शक्ती ५२५ वॉटवर येईल. मात्र सुरू होण्याच्या क्षणी पंपाचे चलित्र नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. हा झटका जाळे सहज सोसते. स्वतंत्र पद्धतीतील ३ किवॉ.चा इन्व्हर्टर मात्र त्या क्षणी बंद पडू शकतो. पंप चालू असताना ढग आला व उत्पादन ६०० वॉटवर उतरले, तर १,६७५ वॉट भारापैकी १,०७५ वॉट जाळ्याकडून येतील. पंखा किंचितही मंदावल्याचे जाणवणार नाही. सूर्यास्तानंतर सौर वाटा शून्य होतो. कूलर व दिवे यांचा भार मात्र रात्री उशिरापर्यंत कायम असतो.

मापन व बिल : नक्त मापनाचा मापक आलेली व गेलेली वीज वेगवेगळी नोंदवितो. वरील घरात दिवसाला १२ युनिट निर्मिती व १० युनिट वापर होत असून त्यांतील ४ युनिट उन्हाच्या वेळी थेट वापरले जात असतील, तर ८ युनिट जाळ्यात जातील व रात्री ६ युनिट जाळ्यातून येतील. मापकावर ८ व ६ हेच आकडे दिसतील. थेट वापरलेल्या ४ युनिटांचा त्यावर मागमूसही नसतो. ते पाहण्यासाठी इन्व्हर्टरावरील किंवा वेगळ्या निर्मिती मापकावरील नोंद पहावी लागते. शून्य वा ऋण नक्त वापर म्हणजे जाळ्यावर अवलंबून नसणे नव्हे. रात्रीचे ६ युनिट जाळ्यानेच पुरविलेले असतात. म्हणूनच वापर शून्य असला, तरी स्थिर आकार द्यावा लागतो.

व्यापक दृष्टीने पाहता, छतांवरील संच वाढले की दुपारी वितरण रोहित्रावरील भार हलका होतो, पण संध्याकाळचा कमाल भार कमी होत नाही. पंपाने टाकी भरणे, कपडे धुणे, इस्त्री करणे ही कामे दुपारी उरकल्यास विजेचा उपयोग निर्माण होते तेथेच होतो व तारांतील हानी वाचते.

शक्तिगुणक, कला व दाबवाढ : पंप व पंखे यांच्या चलित्रांना कार्य करणाऱ्या शक्तीखेरीज चुंबकीय क्षेत्र उभारण्यासाठी कार्य न करणारा प्रवाहही लागतो. घरगुती सौर इन्व्हर्टर बहुधा केवळ कार्यकारी शक्ती देतात. दुसरा भाग जाळ्यावरच राहतो. उदा., १,५०० वॉट व ०.८ शक्तिगुणक असलेल्या भारापैकी १,२०० वॉट सौर संचाने दिल्यास जाळ्याकडून ३०० वॉटच येतात, पण चुंबकन प्रवाह पूर्वीइतकाच येतो व मापकाशी शक्तिगुणक सु. ०.२६ इतका खाली येतो. घरगुती बिल युनिटांवर आकारले जात असल्याने त्यास बाधा येत नाही. तारा मात्र शक्तीच्या मानाने अधिक प्रवाह वाहतात.

त्रिकला जोडणीत एककला इन्व्हर्टर ज्या कलेवर असेल, त्याच कलेवरील भाराला प्रत्यक्ष मदत करतो. दुसऱ्या कलेवरचा पंप जाळ्याकडूनच शक्ती घेतो. म्हणून दिवसाचा मोठा भार इन्व्हर्टराच्या कलेवर ठेवणे हितावह असते. रोहित्रापासून दूर, लांब व बारीक तारेच्या टोकाला असलेल्या घरांत आणखी एक अडचण उद्‌भवते. शक्ती जाळ्यात ढकलताना तारेच्या रोधामुळे घराजवळचा दाब वाढतो. तो ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टांवर गेला की इन्व्हर्टर अलग होतो. दुपारी वारंवार असे घडत असल्यास दोष पॅनेलांत नसून तारेत किंवा रोहित्राच्या दाबात असण्याचा संभव असतो.

दक्षता : पॅनेलांच्या मालिकेचा एकदिश दाब शेकडो व्होल्ट असू शकतो व मुख्य स्विच बंद केला, तरी उजेड असेपर्यंत तो नाहीसा होत नाही. प्रत्यावर्ती प्रवाह दर आवर्तनात दोनदा शून्य होतो, त्यामुळे त्याची ठिणगी विझते. एकदिश प्रवाहाची ठिणगी टिकून राहते व आग लावू शकते. यासाठी एकदिश प्रवाहासाठीच बनविलेले स्विच व वितळतारा वापराव्या लागतात. चौकटींचे भूसंपर्कन करणे, वीज कोसळण्यापासून व दाबलाटांपासून संरक्षण देणे आणि वादळी वाऱ्यात टिकेल असा सांगाडा उभारणे ही कामेही तितकीच महत्त्वाची आहेत.

संच निवडताना वीज जाण्याचे प्रमाण हा निर्णायक मुद्दा ठरतो. पुरवठा बहुतांशी अखंड असेल व हेतू बिल कमी करण्याचा असेल, तर घटमालेविना संलग्न संच सर्वांत स्वस्त व टिकाऊ असतो. पुरवठा वरचेवर खंडित होत असेल, तर आवश्यक भार वेगळा काढून तेवढ्यापुरती घटमाला असलेला संकरित संच उपयुक्त ठरतो. जाळे पोचलेलेच नाही अशा वस्तीत वा शेतघरात स्वतंत्र संचाला पर्याय नसतो. तेथे पॅनेले, घटमाला व इन्व्हर्टर यांची क्षमता सर्वांत वाईट ढगाळ दिवस व सर्वांत मोठा क्षणिक भार लक्षात घेऊन ठरवावी लागते.